वजनकाटा, सैल बांगड्या आणि पुढचं भाकीत: पोषणाचे स्कोअर नक्की काय सांगतात?

काटेकोर_काकू (धागाकर्ती)

"आजी, या बांगड्या कधीपासून अशा कोपराकडे चढायला लागल्या?"

वॉर्डात बाईमाणूस दाखल झालं की माझा पहिला प्रश्न हाच. पुरुषांना विचारते, पट्ट्याला नवं भोक कधी पाडलं? "वजन किती कमी झालं?" असं थेट विचारलं तर दहातले आठ जण "काय की बाई" म्हणतात. बांगडी, पट्टा, ब्लाउजची शिलाई, बोटातून निसटणारी अंगठी यांचा हिशोब मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतो.

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. दाखल झाल्यावर २४ तासांच्या आत प्रत्येक पेशंटचा पोषणाचा स्कोअर काढायचा, असा आमच्याकडे नियम आहे. आम्ही एनआरएस-२००२ वापरतो. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे एस्पेननं, आणलेली ही पद्धत २००३ मध्ये छापून आली. पोषण किती ढासळलंय याला ० ते ३, आजार किती भारी याला ० ते ३, आणि सत्तरी गाठली असेल तर वर एक गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली की धोका.

गेल्या महिन्यातल्या एक आजी घ्या. वय ७४, खुबा मोडलेला. अडीच पोळ्यांच्या जागी आठवडाभर जेमतेम एक पोळी जात होती, म्हणजे खाणं चाळीस टक्क्यांवर आलेलं. त्याचे २. खुब्याच्या फ्रॅक्चरचा १. वयाचा १. बेरीज ४. फॉर्म भरला, फाईलला लावला. राउंडला कुणी तो उलटून पाहिला नाही. बाराव्या दिवशी टाके उसवले, छातीत कफ झाला, आणि मग मला बोलावणं आलं: "मॅडम, यांना काहीतरी प्रोटीन सुरू करा."

ही ओळख नवी नाही. १९३६ साली क्लीव्हलँडच्या स्टडली नावाच्या सर्जननं पोटाच्या अल्सरच्या आपल्या पेशंटांचा हिशोब मांडला होता. शस्त्रक्रियेआधी ज्यांचं वजन वीस टक्क्यांहून जास्त उतरलं होतं, त्यांच्यातले तीनात एक दगावले. बाकीच्यांत हेच प्रमाण साडेतीन टक्के. नव्वद वर्षं होत आली. आकडा माहीत आहे, फॉर्म आहे, पेन आहे. मग अडतं कुठे?

इथे डॉक्टर, नर्सेस, आकडेवाले सगळेच आहेत, म्हणून धागा काढला. तुमच्याकडे स्कोअर बघून कुणी काही करतं का?

---

तिरकस

म्हणजे ही वैद्यकीय कुंडलीच की. पत्रिकेत मंगळ आहे हे सांगणारे ढीगभर, शांत कुणी करत नाही. :)

---

लीड्सची_सिस्टर

काकू, धागा मनापासून पटला. मी मूळची साताऱ्याची, गेली काही वर्षं इंग्लंडात वॉर्ड नर्स. आमच्याकडे 'मस्ट' नावाचा पोषणाचा स्कोअर चालतो. त्यात तीनच गोष्टी. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २० च्या वर असेल तर ०, साडेअठरा ते वीसमध्ये १, त्याखाली २. तीन ते सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांपेक्षा कमी उतरलं तर ०, पाच ते दहा टक्के उतरलं तर १, त्याहून जास्त असेल तर २. आणि आजारामुळे पाच दिवसांहून जास्त पोटात काही गेलं नसेल किंवा जाणार नसेल, तर एकदम २. बेरीज २ झाली की जास्त धोका.

पेशंट उठू शकत नसेल तर दंडाचा घेर घेतो. साडेतेवीस सेंटिमीटरच्या खाली आला, तर बीएमआय बहुतेक वीसच्या खाली असणार असं धरतो. काटा लागत नाही, शिवणकामाची टेप पुरते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. माझ्या वॉर्डात स्कोअर जास्त आला की त्या पेशंटचं जेवण लाल ट्रेमध्ये येतं. एवढंच. लाल ट्रे दिसला की वाढणाऱ्या मावशीपासून विद्यार्थी नर्सपर्यंत सगळ्यांना कळतं की याला भरवायला कुणीतरी बसायचंय, आणि ट्रे उचलण्याआधी त्यात किती उरलंय ते लिहायचंय. फाईलमधला ४ कुणी वाचत नाही. लाल ट्रे कसा चुकवणार? अर्थात माणसं कमी पडतात तेव्हा तोही थंड होऊन परत जातो, तेही खरं.

---

आकडेमोड्या

काकू, विषय चांगला आहे, पण 'भाकीत' या शब्दावर जरा थांबू या. यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत.

पहिला: स्कोअर जास्त असलेल्यांचं पुढे जास्त वाईट होतं का? होतं.

दुसरा: त्यांना खाऊ घातलं तर ते वाईट टळतं का? हे पहिल्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. केस पिकलेल्यांना हार्ट ॲटॅक जास्त येतात, म्हणून कलप लावून हृदय वाचत नाही.

आता पहिल्याचंही बघा. समजा शंभर पेशंट आहेत आणि स्कोअरनं तीस जणांना 'धोका' म्हटलं. त्यातल्या ६ जणांना गुंतागुंत झाली. उरलेल्या सत्तरांतही ४ जणांना झाली. म्हणजे दहापैकी सहा पकडले, चार निसटले. आणि ज्यांना लाल शिक्का मारला त्या तिसातले चोवीस ठणठणीत घरी गेले. (आकडे समजुतीसाठी घेतलेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.) गटासाठी हा स्कोअर उपयोगाचा आहे. पण एकट्या आजींकडे बोट दाखवून "या जाणार" म्हणायला तो बनलेलाच नाही.

आणि आयसीयूत वापरतात तो 'न्यूट्रिक' पाहा, २०११ चा कॅनडाचा. नावात न्यूट्रिशन, आत काय? वय, अपाची आणि सोफा (आजार किती गंभीर ते मोजणारे दोन स्कोअर), इतर आजार किती, आयसीयूत येण्याआधी रुग्णालयात किती दिवस गेले, आणि जमलं तर इंटरल्युकिन-६ (रक्तातली दाहाची एक खूण). वजन नाही, जेवण नाही, पोळी नाही की भात नाही. अपाची आणि सोफा हे मुळातच मरणाचा धोका किंवा अवयवांची अवस्था मोजायला बनवलेले. ते आत घातल्यावर बेरीज मृत्यूचं भाकीत नीट करते यात नवल कसलं?

---

भूलवाला

आकडेमोड्या यांना +१. त्यात माझी एक भर: अल्ब्युमिन, म्हणजे यकृतात बनणारं रक्तातलं प्रथिन.

फक्त रक्ताच्या रिपोर्टवरून निघणारे स्कोअर आम्हाला फार आवडतात, कारण पेशंटशी बोलावं लागत नाही. ओनोडेरांचा पीएनआय (१९८४): अल्ब्युमिन गुणिले दहा, अधिक लिम्फोसाइटच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) संख्येचा दोनशेवा भाग. स्पेनमधला कोनट: अल्ब्युमिन, लिम्फोसाइट, कोलेस्टेरॉल. म्हाताऱ्यांसाठीचा जीएनआरआय: अल्ब्युमिन आणि आदर्श वजनाच्या तुलनेत आत्ताचं वजन. तिन्हींचा कणा एकच.

पण अल्ब्युमिन हा जेवणाचा आरसा नाही. अंगात सूज, जंतुसंसर्ग, जखम असली की यकृत अल्ब्युमिन बनवणं मागे टाकून सीआरपीसारख्या, दाहात वाढणाऱ्या प्रथिनांच्या मागे लागतं. शिवाय रक्तवाहिन्यांतून ते बाहेर झिरपतं. त्याचं अर्धआयुष्यच सुमारे वीस दिवसांचं, मग कालच्या उपासानं ते आज कसं पडेल? उलट नुसत्या उपासमारीनं हाडांचा सापळा झालेल्या माणसाचं अल्ब्युमिन कित्येकदा ठीक निघतं. अमेरिकेतल्या ॲस्पेन संस्थेनंही आता स्पष्ट म्हटलंय की अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन कुपोषणाचे मापक म्हणून वापरू नयेत, ते दाहाचे आणि धोक्याचे निदर्शक आहेत.

काकूंच्या आजींचं अल्ब्युमिन २.८ आलं असतं तर आमच्याकडे कुणीतरी अल्ब्युमिनच्या बाटल्या लावल्या असत्या. महाग बाटली, रिपोर्ट सुधारतो, आजी आहेत तिथेच.

आता घरचा आहेर. आमच्या एका जुन्या ठिकाणी 'रात्री बारापासून तोंडानं काही नाही' हा शिरस्ता होता. यादीत पाचवा नंबर, दुपारी चारला केस पुढे ढकलली, संध्याकाळी चहा-बिस्कीट, पुन्हा बारापासून बंद. असे तीन दिवस. घन अन्न सहा तास आणि पाणी किंवा गाळलेला सरबत दोन तास आधीपर्यंत चालतं, हे पुस्तकात कधीचं आहे. दाखल होताना स्कोअर १ असलेला माणूस आम्हीच टेबलावर येईपर्यंत ३ चा केला. तो दुसरा स्कोअर कुणी काढत नाही.

---

तिरकस

>> तो दुसरा स्कोअर कुणी काढत नाही

टोपी काढली डॉक्टर. कुंडलीवाला विनोद मागे घेतो.

---

काटेकोर_काकू

आकडेमोड्या, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि म्हणूनच मी हा फॉर्म अजून भरते.

स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत 'एफर्ट' नावाची चाचणी झाली, २०१९ मध्ये छापून आली. एनआरएस ३ किंवा जास्त असलेले दोन हजारांवर पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला रुग्णालयाचं नेहमीचं जेवण. दुसऱ्याला आहारतज्ज्ञानं आखलेलं, उष्मांक आणि प्रथिनांचं लक्ष्य ठरवून, रोज पाठपुरावा करून. तीस दिवसांत मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू: नेहमीच्या गटात २७ टक्के, दुसऱ्यात २३. नुसते मृत्यू: १० विरुद्ध ७. नळ्या आणि शिरेतलं पोषण फार थोड्यांना लागलं, बहुतेकांचं काम साध्या जेवणावर आणि तोंडानं घ्यायच्या पूरक आहारावर भागलं.

उलटं उदाहरणही देते, नाहीतर म्हणाल काकू आपल्याच धंद्याची जाहिरात करतात. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेआधी आठवडा-दोन आठवडे शिरेतून पोषण देऊन पाहिलं, निष्कर्ष १९९१ चे. फार खंगलेल्यांना फायदा झाला. ज्यांचं कुपोषण सौम्य होतं त्यांना फायदा नाहीच, उलट जंतुसंसर्ग वाढले. स्कोअरचं खरं काम इथे आहे. कुणाला द्यायचं याच्याइतकंच कुणाच्या वाटेला जायचं नाही, हेही तो सांगतो.

आयसीयूचं गणित तर आणखी वेगळं. २०२३ मध्ये कृत्रिम श्वासावरच्या, पोषणाचा धोका असलेल्या पेशंटांना जास्त प्रथिनं देऊन पाहिली (नावात पुन्हा 'एफर्ट', गोंधळू नका). फायदा दिसला नाही. ज्यांची मूत्रपिंडं बसली होती त्यांचं तर बहुधा नुकसानच. एकाच वाटीतलं वरण सगळ्यांना सारखं पचत नाही.

एक अवांतर. "आठवडाभर खाणं कमी झालंय का?" याला उत्तर "हो" येतं तेव्हा लगेच गुण देऊ नका. पंचांग बघा. चातुर्मासात आजी आपखुशीनं एकभुक्त असतात. उलट "उपास आहे ना माझा" म्हणत जेवण जात नसल्याचं लपवणाऱ्याही भेटतात. मी विचारते, "उपास सुटल्यावर पोटभर जेवलात का?" तिथे खरं कळतं.

---

आकडेमोड्या

एफर्टबद्दल मान्य. स्कोअर → यादृच्छिक वाटणी → जेवण → फरक. साखळी पूर्ण आहे.

बीएमआयवर माझा आक्षेप मात्र उभा आहे. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 'वाय-वाय' फोटो आठवतोय ना? २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे बीएमआय 'छान' दिसतो आणि आत स्नायू कमी असतात. टेबलावर झोपल्यावर कामाला येणार ते स्नायू.

दुसऱ्या टोकाला, आयुष्यभर १९ बीएमआयवर शेतात राबलेला काटक म्हातारा 'मस्ट'मध्ये फुकटचा एक गुण खातो. कुपोषणाचं निदान करायच्या २०१९ च्या ग्लिम निकषांत आशियाई लोकांसाठी निराळी रेघ आहे: सत्तरीच्या आत साडेअठरा, पुढे वीस. बरं केलं.

---

पाड्यावरची_ताई

तुमच्या मोठ्या रुग्णालयांच्या गप्पांत आमची दोन अक्षरं. मी नंदुरबारकडे अंगणवाड्या बघते.

आमचा स्कोअर म्हणजे रंगीत दंडघेर पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की लाल, म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषण. साडेबारापर्यंत पिवळा. दोन्ही पायांवर अंगठा दाबून खड्डा राहिला, तर पट्टी काहीही म्हणो, मूल धोक्यात. एवढीशी पट्टी, पण कुठलं मूल दगावण्याच्या बेताला आहे ते ती बरोबर ओळखते.

त्यातही माझा भरवसा भूक चाचणीवर जास्त. पट्टी लाल आहे पण मूल हातातला घास ओढून खातंय, तर गावातच सांभाळता येतं. तोंड फिरवलं, घास गालात धरून बसलं, की गाडी बोलवा आणि पुनर्वसन केंद्रात न्या. कुठल्या यंत्रानं हे कळेल?

अडचण मोजमापाची नाही. दिवाळी झाली की घरंच्या घरं गुजरातला कामाला जातात. लाल पट्टीचं मूल माझ्या वहीत असतं आणि प्रत्यक्षात कुठल्यातरी उसाच्या फडात, नाहीतर वीटभट्टीवर. परत येतं तेव्हा एकतर पिवळं झालेलं असतं, नाहीतर आई एकटीच येते.

---

फुप्फुसपुराण

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून दहा मिनिटं काही लिहवेना.

क्षयरोगात मी काम करतो, तिथलं सांगतो, कारण कुठल्याही विदेशी फॉर्मइतकाच हा विषय आपला आहे. छत्तीसगडच्या गनियारीतल्या १,६९५ क्षयरुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये आला होता. निदानाच्या वेळी पुरुषांचा मध्यक बीएमआय १६, बायकांचा १५. मध्यक! म्हणजे निम्म्या बायका त्याहूनही खाली.

तमिळनाडूनं २०२२ पासून राज्यभर एक साधी गोष्ट केली. निदान झालं की लगेच बघायचं: बीएमआय १४ किंवा त्याखाली आहे का (किंवा १६ पर्यंत असून पायावर सूज आहे का), श्वास मिनिटाला २४ च्या वर किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली आहे का, आणि माणसाला आधाराशिवाय उभं राहता येत नाही का. प्रयोगशाळा नको, रक्त नको. यातलं एक जरी 'हो' आलं तरी घरी पाठवायचं नाही, तपासून दाखल करायचं. काकूंचा प्रश्न होता ना, स्कोअर बघून कुणी काही करतं का? इथे स्कोअरला एक खाट जोडलेली आहे.

आणि झारखंडचा 'रेशन्स' अभ्यास, डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांचा, २०२३. २,८०० रुग्णांना औषधांबरोबर दरमहा दहा किलोची शिधापिशवी: तांदूळ, भाजक्या हरभऱ्याचं पीठ, दूध पावडर, तेल. रोजचे १,२०० उष्मांक आणि ५२ ग्रॅम प्रथिनं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे दोन किलो!

---

आकडेमोड्या

इथे पुन्हा तीच खोच, माफ करा. शिधा सगळ्याच रुग्णांना मिळाला होता. ज्यांना औषध लागू पडलं त्यांचं वजन वाढलं असणार आणि तेच जगले असणार. म्हणजे वजनवाढ ही बरं होण्याची खूणही असू शकते, कारणच असेल असं नाही. त्याच अभ्यासातला पक्का भाग दुसरा आहे. घरातल्या दहा हजारांवर माणसांना गटवारीनं शिधा दिला किंवा दिला नाही, आणि शिधा मिळालेल्या घरांत नवा क्षय ३९ टक्के कमी झाला. हे चिठ्ठ्या टाकून वाटलेलं आहे, त्यावर मी पैज लावीन.

---

फुप्फुसपुराण

मान्य. पण दोन महिन्यांनी वजन वाढलेलं नाही हे दिसलं, तर खूण असो की कारण, मी त्या घरी जातोच. औषध चुकतंय, दारू सुरू झालीय, की शिधा सासरच्या दहा तोंडांत वाटला जातोय, ते तिथे गेल्यावर कळतं.

---

नदीकाठचा

नमस्कार, एरवी नुसता वाचक. वडील ६६ वर्षांचे, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. धागा वाचून मी घरीच सिस्टरताईंचं मस्ट काढलं. उंची १६३, वजन ५४. बीएमआय २०.३, म्हणजे ०. आई म्हणते दोनेक किलो उतरले असतील, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत, पुन्हा ०. जेवण कमी पण चालू आहे. बेरीज शून्य. निर्धास्त राहू ना?

---

काटेकोर_काकू

दादा, दोनेक किलो हा अंदाज कुणाचा? रोज समोर बसणाऱ्याला उतरणं दिसत नाही. पट्टा बघा. जुना कागद शोधा: शुगरची फाईल, विम्याचं मेडिकल, डोळ्यांच्या शिबिराचं कार्ड, काहीही. वजन आणि तारीख असलेलं.

---

नदीकाठचा

काकू, पट्ट्याला दोन भोकं नवी आहेत, खिळ्यानं पाडलेली. बाबांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मोतिबिंदूच्या शिबिराचं कार्ड सापडलं, चार महिन्यांपूर्वीचं. ६३ किलो.

---

लीड्सची_सिस्टर

६३ वरून ५४. नऊ किलो, म्हणजे चौदा टक्के. दहाच्या वर गेलं, २ गुण. शून्यावरून थेट जास्त धोक्यात.

---

भूलवाला

हे कार्ड उद्याच सर्जनना दाखवा. सहा महिन्यांत दहा-पंधरा टक्क्यांच्या वर वजन उतरलं असेल, तर मोठ्या शस्त्रक्रियेआधी सात ते चौदा दिवस पोषणावर घालवावेत, मग कॅन्सरची शस्त्रक्रिया थोडी लांबली तरी चालेल, असं एस्पेन सांगतं. आतडं अडलेलं असेल किंवा रक्तस्राव असेल तर गणित वेगळं, ते सर्जनच ठरवतील. भांडू नका, फक्त आकडा पुढे ठेवा.

---

नदीकाठचा

अपडेट देतो. सर्जननी कार्ड दोनदा पाहिलं, मग वजन पुन्हा करायला लावलं. ऑपरेशन दहा दिवस पुढे. तिथल्या आहारतज्ज्ञ ताईंनी तक्ता दिलाय, दिवसाला सहा वेळा खायचं. अंडी बाबा खात नव्हते, आता नातीच्या हातून खातात. आई विचारतेय, शेंगदाण्याचं कूट घालून नाचणीची आंबील चालेल का?

---

काटेकोर_काकू

चालेल, पण आतडं थोडं अरुंद झालं असेल तर कूट आणि कोंडा नको. तिथल्या ताईंना आधी विचारा. आंबील गाळून द्या, कुटाऐवजी दूध पावडर. आणि वजन दर तीन दिवसांनी, त्याच काट्यावर, सकाळी, चहाच्या आधी. वहीत लिहा.